अ‍ॅकलेशियासाठी केलेली पोएम: आर्वी तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचा अनुभव

नागपूरला जाऊन मी पोएम, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू कापायची प्रक्रिया, करून घेतली आणि मला तिचा चांगला गुण आला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि त्या वाचून कोणी घाबरून घरी बसू नये. अ‍ॅकलेशिया हा घास जठरात न उतरण्याचा आजार वर्षाला लाखात एखाद्यालाच नव्याने होतो. त्यामुळे शेजारच्या गावात जाऊन ‘तुमचं कसं झालं, किती दुखलं, पैसे किती लागले’ असं विचारायची सोय नसते. मी फार शोधलं, मला आपल्याकडचं कोणी सापडलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

आपली अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. तिच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी, स्नायूचं एक कडं असतं. घास गिळला की अन्ननलिका वरून खाली आवळत जाऊन त्याला पुढे ढकलते आणि हे कडं सैल पडून वाट देतं. अ‍ॅकलेशियात अन्ननलिकेच्या भिंतीत बसून हे काम चालवणाऱ्या मज्जातंतूंच्या पेशी मरतात. मग ढकलणंही थांबतं आणि कडंही सैल पडत नाही. खाल्लेलं छातीत साचून राहतं. या पेशी का मरतात याचं पक्कं कारण अजून सापडलेलं नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी असं डॉक्टर मानतात. तिखट खाल्ल्याने, उपास धरल्याने किंवा काळजी केल्याने हा आजार होत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण मला ही तिन्ही कारणं ऐकवून झाली होती.

मी अंगणवाडी सेविका आहे. पोरांना खिचडी वाढण्याआधी ती आपण चाखून बघायची असते. त्या दोन घासांनी माझा सगळा दिवस बिघडायचा. घास छातीच्या मधोमध येऊन थांबायचा, वरून पाणी प्यायलं तर पाणीही त्याच्यावर उभं राहायचं, आणि मग इमारतीच्या मागे धावावं लागायचं. मदतनीस ताई पोरांना सांभाळून घ्यायच्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. उलटीत आलेलं आंबट नसायचं. जसं खाल्लं तसंच बाहेर यायचं, भाताची शितं न् शितं वेगळी. ही आंबट नसण्याची गोष्ट मी प्रत्येक डॉक्टरांना सांगत होते. अन्न जठरापर्यंत पोचतच नव्हतं, तर त्याला आम्ल लागणार कुठून? तरी मला वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्याच गोळ्या मिळाल्या.

रात्री आडवं झालं की साचलेलं पाणी घशात यायचं आणि ठसका लागून उठावं लागायचं. खोकला आणि उतरतं वजन बघून क्षयाची शंका आली, थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. अंगणवाडीत गरोदर बायांसाठी वजनकाटा आहे, त्यावर दर महिन्याला मीही उभी राहायची. ५४ किलोवरून ४१ वर आले. पोरांच्या वाढीचे आलेख भरता भरता आपली रेघ कुठे चालली आहे हे मला दिसत होतं आणि भीतीने पोटात गोळा यायचा. लग्नाच्या पंगतीत बसणं मी सोडूनच दिलं होतं. लोक म्हणायचे, हिला गर्व झाला. सासूबाई म्हणायच्या, “माय, कोनाची तरी नजर लागली तुले,” आणि मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या. त्यांचा जीव तुटत होता, त्यांना मी कधी अडवलं नाही. एका डॉक्टरांनी मात्र माझ्यासमोर नवऱ्याला सांगितलं की हे मनाचं आहे, बाईला माहेरी पाठवा काही दिवस. त्यांचं नाव-गाव लिहीत नाही, पण त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

खरी दिशा मिळाली ती सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात. ओपीडीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पाणी गिळायलाही त्रास होतो का? आणि तो सुरुवातीपासून आहे की नंतर सुरू झाला?” मी म्हटलं, दोन्ही पहिल्यापासून, भाकरही आणि पाणीही. त्यांनी लगेच लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. नंतर समजावून सांगितलं: अन्ननलिकेत गाठ वाढत असेल तर आधी भाकर अडकते, मग मऊ भात, आणि शेवटी पाणी. पण घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडकत असेल तर अन्ननलिकेची हालचालच बिघडलेली असू शकते. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता ही गोष्ट आपण स्वतः सांगावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

त्यांनी बेरियमचा फोटो काढायला लावला. पांढरं, खडूच्या चवीचं घट्ट पाणी उभ्यानेच प्यायचं आणि यंत्रासमोर उभं राहायचं. पडद्यावर मला माझी अन्ननलिका दिसली: वर फुगलेली रुंद नळी आणि खाली एकदम निमुळतं टोक. डॉक्टर लोक त्याला पक्ष्याची चोच म्हणतात. एक मिनिटाने, दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी पुन्हा फोटो काढले. पाच मिनिटांनंतरही ते पांढरं पाणी तिथेच उभं होतं. मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. इतकी वर्षं मी जे तोंडाने सांगत होते ते आता फोटोत दिसत होतं, आता कोणी मनाचं म्हणणार नव्हतं.

दुर्बीण, म्हणजे तोंडातून नळी घालून आतून बघण्याची तपासणी, करावीच लागते. कारण जठराच्या तोंडाशी कर्करोगाची गाठ असेल तरी फोटो असाच दिसू शकतो, ती शक्यता आधी काढून टाकायची असते. माझ्यात गाठ नव्हती. एक सांगते, पूर्वी माझी एकदा दुर्बीण झाली होती आणि ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट हातात आला होता. आजार सुरुवातीचा असेल तर दुर्बिणीत काहीच दिसत नाही, असं होतं. त्यामुळे दुर्बीण चांगली आली आणि घास मात्र अडकतच आहे, तर तिथे थांबू नका, बेरियम आणि मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजण्याची तपासणी, यांबद्दल विचारा.

मॅनोमेट्रीसाठी नागपूरला, धंतोलीतल्या पोटविकाराच्या रुग्णालयात पाठवलं. सगळ्या तपासण्यांत मला हीच कठीण गेली आणि प्रत्यक्ष ऑपरेशनपेक्षा मी तिलाच जास्त घाबरले होते, म्हणून नीट लिहिते. भूल देत नाहीत, कारण गिळताना तुम्ही जागं असायला हवं. नाकात बधिर करणारी जेली लावतात आणि एक बारीक, लवचीक नळी नाकातून जठरापर्यंत सरकवतात. घशातून उतरताना डोळ्यांतून पाणी येतं, उमासे येतात. तंत्रज्ञ मुलगी फार समजूतदार होती. “काकू, हनुवटी छातीला लावा, आता पाणी ओढा, ओढत राहा,” असं ती एकसारखं बोलत राहिली आणि नळी खाली गेली. मग आडवं झोपवून चमचाभर पाणी दहा वेळा गिळायला दिलं. दोन घोटांमध्ये मुळीच गिळायचं नाही, थुंकीही नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण गिळू नका म्हटलं की हटकून गिळावंसं वाटतं. नळीवरच्या दाबमापकांनी संगणकावर रंगीत नकाशा उमटत होता. खालचं कडं सैल पडत नाही हे त्यात आकड्यानिशी दिसलं आणि माझा अ‍ॅकलेशिया दुसऱ्या प्रकारचा निघाला. प्रकार तीन आहेत आणि दुसऱ्या प्रकाराला उपचाराचा गुण सगळ्यात चांगला येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. नळी काढल्यावर नाक दिवसभर हुळहुळत होतं, बाकी काही झालं नाही.

यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो हा: “साहेब, पोट फाडा लागन काय?” डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि कागदावर अन्ननलिका काढून तीन वाटा दाखवल्या. एक, फुगा घालून ते कडं ताणायचं. खर्च कमी, पण काही वर्षांनी पुन्हा करावं लागू शकतं, आणि ताणताना अन्ननलिका फाटण्याचा थोडा धोका. दुसरी, पोटावर छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने कड्याचा स्नायू कापायचा. हे हेलर यांचं ऑपरेशन, १९१३ साली त्यांनी ते पहिल्यांदा केलं, तेव्हा अर्थातच उघडं करून. यात जठराचा भाग गुंडाळून आम्ल वर येऊ नये अशी सोयही करतात. तिसरी पोएम. यात बाहेरून कुठेच चिरत नाहीत, सगळं तोंडातून. जपानमध्ये इनोउए नावाच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केली. आम्ल वर येण्याचा त्रास पोएमनंतर जास्त जणांना होतो हेही आमच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, लपवलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी यांना आणि मला दोघांनाही दोनदा सांगितलं: मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तिन्ही उपचारांत फक्त खालची वाट मोकळी होते. अन्ननलिका पुन्हा ढकलायला लागणार नाही, घास आपल्या वजनाने आणि पाण्याच्या जोरावर उतरेल. ही स्पष्टता मला त्या रुग्णालयातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली. खोटी आशा दिली असती तर मी आज निराश असते.

मी पोएम निवडली, कारण वावराचं आणि अंगणवाडीचं काम फार दिवस सोडून चालणार नव्हतं.

आधीचे दोन दिवस फक्त पातळ पदार्थ, म्हणजे अन्ननलिकेत काही साचलेलं राहू नये. प्रक्रियेच्या सकाळी पाणीसुद्धा नाही. पूर्ण भूल देतात. भूलतज्ज्ञ मॅडमनी आदल्या संध्याकाळी येऊन, रात्री ठसका किती लागतो, शेवटचं काय खाल्लं, हे खोदून विचारलं. साचलेलं पाणी भूल देताना फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून आमच्यासारख्यांच्या बाबतीत त्या जास्त काळजी घेतात.

आत काय करतात ते मला नंतर व्हिडिओ दाखवून सांगितलं. अन्ननलिकेच्या आतल्या पातळ अस्तराखाली निळा रंग मिसळलेलं पाणी टोचून ते फुगवतात, तिथे छोटी चीर देतात आणि अस्तर व स्नायू यांच्यामधून दुर्बीण खाली नेत बोगदा करतात, थेट जठरात दोन-तीन सेंटीमीटर जाईपर्यंत. मग विजेच्या छोट्या चाकूने आतला गोल स्नायू कापत जातात. शेवटी अस्तराची चीर धातूच्या क्लिपांनी बंद करतात. बोगद्याचं तोंड वर आणि स्नायूची चीर खाली, मध्ये शाबूत अस्तर, त्यामुळे खाल्लेलं छातीत गळत नाही. हे समजल्यावर ज्याला कोणाला हे सुचलं असेल त्याच्याबद्दल मला फार आदर वाटला. क्लिपा काही आठवड्यांत आपोआप पडतात आणि शौचावाटे जातात. तोपर्यंत एमआरआय करायची वेळ आली तर त्याबद्दल सांगायचं.

शुद्धीवर आले तेव्हा छातीच्या मागे जड दुखत होतं, पाठीपर्यंत. सलाईनमधून दुखण्याचं औषध चालू होतं, सोसता येण्यासारखं होतं. खरी घाबरले ती मानेला हात लावल्यावर. गळपट्टीच्या हाडाजवळ कातडीखाली कुरकुर लागत होती, दाबलं की बारीक फुगे फुटल्यागत. मी बेल दाबली. रात्रपाळीच्या सिस्टर लगेच आल्या, स्वतः हात लावून बघितला, नाडी आणि ऑक्सिजन तपासला आणि म्हणाल्या, “आत वायू भरून काम करतात, त्यातला थोडा कातडीखाली येतो. कार्बन डायऑक्साइड असतो, शरीर शोषून घेतं. पण तुम्ही सांगितलं ते बरं केलं, मी डॉक्टरांना कळवते.” आणि खरंच कळवलं, डॉक्टर येऊन बघून गेले. दुसऱ्या दिवशी कुरकुर गेली होती. सिस्टर आणि मावशी यांच्या वागण्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. रात्री किती वेळा उठवलं तरी एकीच्याही आवाजात चढ नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो. या वेळी बेरियम नाही, पाण्यासारखं पातळ औषध. कुठे गळत नाही ना ते बघायला. मी पडद्याकडे बघत घोट घेतला आणि तो थांबला नाही. सरळ खाली गेला. तंत्रज्ञ म्हणाले, “झालं, उतरा.” मी त्यांना पुन्हा एक घोट देता का विचारलं, मला परत बघायचं होतं. त्यांनी दिला. त्या माणसाचे मी मनापासून आभार मानते.

आता तक्रारी. पहिली पैशाची. आधी जो अंदाज लिहून दिला होता त्यात चाकू आणि क्लिपा धरलेल्या नव्हत्या. त्या ‘वापरल्याप्रमाणे’ वेगळ्या लागल्या आणि बिल दीड लाखाच्या वर गेलं. अंदाजाच्या कागदावर खाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं म्हणे. डॉक्टर इतकं समजावून सांगतात, आणि काउंटरवर मात्र कोणी तोंडाने एक शब्द सांगत नाही, हे बरोबर नाही. आम्ही भाव चढायची वाट न बघता घरातला कापूस विकून आलो होतो. डिस्चार्जच्या सकाळी दिरांना फोन करून पैसे मागवावे लागले आणि ते येईपर्यंत दुपार झाली. त्या रुग्णालयात जनआरोग्य योजना लागू नव्हती. तुम्ही जाण्याआधी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून, तुमच्यासाठी तिथे कोणता उपचार बसतो ते विचारून घ्या. हेलरचं ऑपरेशनही चांगला उपचार आहे, पोएमच हवी असा हट्ट धरून कर्ज काढू नये.

दुसरी तक्रार आहाराच्या कागदाची. पहिले दोन आठवडे पातळ ते मऊ असं टप्प्याटप्प्याने खायचं असतं, हे फार महत्त्वाचं, आणि त्याचा कागद इंग्रजीत. सूप, कस्टर्ड, ओट्स, स्मूदी. आमच्या घरी यातलं काय शिजतं? मी आहारतज्ज्ञ ताईंना बसवून घेतलं आणि विचारलं, अंबील चालेल का, मुगाचं कढण चालेल का, कण्या कधीपासून? त्यांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली, म्हणजे त्यांना माहीत होतं. मग कागदावर का नाही? आधी भाताची गाळलेली पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, ज्वारीची पातळ अंबील गार करून. मग दुधात मऊ शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, वरणात कुस्करलेला भात, मऊ खिचडी. सगळं कोमट, फार गरम नाही. तिखट आणि कोरडं सगळ्यात शेवटी. सासूबाईंनी पेज गाळायला नवं पांढरं फडकं काढलं आणि ते दुसऱ्या कशाला वापरू दिलं नाही. रुग्णालयाने हा कागद मराठीत, आपल्या चुलीवर शिजणाऱ्या पदार्थांसकट छापावा. तिथे येणारे निम्मे लोक गावाकडचे असतात.

तिसरी गोष्ट, सोबत आलेल्या बायांना रात्री पाठ टेकायला जागा नाही. माझी जाऊ खुर्चीत बसून राहिली.

गुण किती आला हे डॉक्टर एका गुणांकनाने मोजतात. गिळायला त्रास, अन्न वर येणं, छातीत दुखणं, वजन घटणं, प्रत्येकाला शून्य ते तीन. जास्तीत जास्त बारा, आणि उपचारानंतर तीन किंवा त्याखाली आलं तर यश. माझे आधी दहा होते, आता एक आहे. तो एक कोरड्या पोळीचा. पोळी अजून मध्येच रेंगाळते. भाकर वरणात चुरून खाते, प्रत्येक चार घासांमागे पाणी, जेवण बसूनच, आणि जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. वजन ५० वर आलं आहे. मागच्या महिन्यात चुलत नणंदेच्या मुलीच्या लग्नात पंगतीत बसले, वरण-भात आणि वांग्याची भाजी पोटभर खाल्ली, वाढपी पुढे गेला तर त्याला हाक मारून परत बोलावलं.

आम्लाचं डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. वाट मोकळी झाली की खालचं वर यायलाही मोकळी होते. पहाटे घशाशी आंबट येतं, जे आधी कधीच येत नव्हतं. सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या आहेत. याने बरंच आटोक्यात आहे. गोळी मनाने बंद करू नका, जळजळ वाटत नसली तरी आम्ल आतून अन्ननलिका भाजू शकतं.

कोणी जाणार असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की तुम्ही स्वतः पोएम नेहमी करता का, आणि गळती झाली तर रात्री रुग्णालयात कोण असतं. आमच्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग आला नाही. अंदाजाच्या कागदावर चाकू आणि क्लिपांसह एकूण रक्कम लिहून मागा. बेरियमच्या फोटोंची फिल्म आणि सीडी दोन्ही सोबत न्या, पुढच्या प्रत्येक फोटोशी तीच ताडून बघतात. परत येताना कोंढाळी-कारंजा-तळेगाव रस्त्याने एसटीचे धक्के सोसवले नसते, आम्ही शेजाऱ्यांची गाडी केली होती, तो खर्चही धरून ठेवा.

माझी पुढची दुर्बीण दिवाळीनंतर आहे. आम्लाने आत काही इजा केली आहे का ते तेव्हा कळेल आणि गोळी तशीच ठेवायची की कमी करायची हे ठरेल. पुढेही ठरावीक काळाने दुर्बीण करत राहायची आहे, कारण या आजारात बऱ्याच वर्षांनी अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो.